संकष्टीचे शिंपले

रंगनाथच्या हातून नंबर चुकत नाही, असं प्राणिशास्त्र विभागात सगळेच म्हणत. म्हणायला काही पैसे पडत नाहीत. पगार शिपायाचा आणि कौतुक शास्त्रज्ञाचं, हा व्यवहार कुठल्याही कॉलेजला परवडतो. रंगनाथ सातवी पास, मूळचा हिंगण्याचा, म्हणजे आताच्या कर्वेनगरचा. चुलत्यांनी रानं बिल्डरच्या घशात घातली तेव्हा हा आधीच प्रयोगशाळेत परिचर म्हणून चिकटलेला होता. बेडूक असो की झुरळ, त्याच्या कात्रीखाली नको ती शीर कधी तुटली नाही. नवे प्राध्यापक परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून गुपचूप शिकून जात आणि दुसऱ्या दिवशी पोरांसमोर त्यालाच "ए रंगनाथ, ट्रे आण" म्हणून हाक मारत. तो आणायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे, असं निदान तो म्हणायचा.

असा हा माणूस नोकरीत एकच चूक करून बसला. पण ती एकच चूक त्यानं एकवीस वेळा केली.

सत्त्याण्णव साली द्वारका तिथं आली. लातूरकडची पोर. सदाशिव पेठेत तिघींत एक खोली, तासावर पैसे मिळणारी शिकवणी-नोकरी, आणि पायात एकच चपलांचा जोड. वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत तिनं समुद्र पाहिला नव्हता, आणि पीएचडीला विषय मिळाला तो समुद्रातल्या शिंपल्यांचा. शिंपल्याच्या अंगातून जो चिकट स्राव पाझरतो तो कोणत्या ऋतूत किती, आणि नराचा किती नि मादीचा किती, हे मोजायचं. विषय तिनं निवडला नव्हता, मार्गदर्शक श्रीनिवास सरांनी दिला होता. पोरं तिला मागून 'शेंबडाच्या मॅडम' म्हणत. तिला ते माहीत होतं. "शेंबूड तर शेंबूड, एकदा डॉक्टर झाले की कायम होईन," ती रंगनाथला म्हणायची. कायम नोकरी लागली की धाकट्या भावाला पुण्यात शिकायला आणायचं, एवढंच तिचं स्वप्न होतं, आणि ते सगळं त्या शिंपल्यांवर टांगलेलं होतं.

तिनं पहिल्याच दिवशी रंगनाथला "काका" म्हटलं आणि बसायला स्टूल दिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत त्याला बसा म्हणणारी ती पहिलीच. रंगनाथ बसला नाही, पण स्टूल त्याच्या लक्षात राहिलं.

काम असं ठरलं. पौर्णिमेला ओहोटी लांबवर जाते, खाडीतला चिखल उघडा पडतो. तेव्हा रत्नागिरीकडची शकू नावाची बाई शिंपले वेचायची, ओल्या गोणपाटात बांधायची आणि संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ स्वारगेटला जाऊन पोतं उतरवून घ्यायचा. मग काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, मोटरीच्या बुडबुड्यांखाली त्यांनी जरा स्थिरावायचं. पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी मोजणी. वीस शिंपले, प्रत्येकावर मेणाच्या पेन्सिलीनं नंबर. फटीत लाकडाची छोटी पाचर मारायची, पाणी टिपून घ्यायचं, शिंपला उलटा धरायचा, आणि जो चिकट धागा गळेल तो काचेच्या वाटीत घेऊन वजन करायचं. हे द्वारका करायची. दुपारी तिला तास असत. मग शिंपले उघडून, पोटातला एक थेंब काचेवर पसरून, त्यावर तोच नंबर घालून ठेवायचं काम रंगनाथचं. कारण शिंपला वरून बघून नर की मादी ते त्याच्या बापालाही सांगता येत नाही. थेंबात अंडी दिसली तर मादी, वळवळ दिसली तर नर. ते दुसऱ्या दिवशी द्वारका मायक्रोस्कोपखाली बघायची.

आता पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. संकष्टी.

त्याच वर्षी रंगनाथच्या बायकोनं, प्रेमलानं, गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या. मुलगा तेजस इंजिनिअरिंगच्या शेवटाकडे आलेला, दोन विषय मागे राहिलेले. नवस नवरा-बायको दोघांचा, आणि त्यात प्रेमलानं एक अट स्वतःच्या मनानं घातली होती: त्या दिवशी घरातल्या कुणाच्या हातून जीव जायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या घरात ही अट फुकटची ठरली असती. हिच्या नवऱ्याचा धंदाच जीव कापायचा!

पहिल्या महिन्यात रंगनाथनं सरांकडे विषय काढून बघितला. सरांच्या टेबलावर त्या वेळी साबुदाण्याची खिचडी होती. तीही रंगनाथनंच आणून दिलेली.

"सर, हे कापायचं काम येक दिस फुडं ढकललं तर चालंल का? आज चतुर्थी हाय."

सरांनी दाण्याचं कूट चमच्यानं बाजूला केलं. "रंगनाथ, शिंपल्याला गणपती कळत नाही आणि विद्यापीठाला संकष्टी कळत नाही. मधे आपण दोघंच अडाणी. तू काप."

खिचडी उपासाला चालत होती, कापणं नोकरीत मोडत होतं. सरांचा हिशेब सरळ होता.

रंगनाथ प्रयोगशाळेत परत आला. वीस शिंपले टेबलावर ओळीनं मांडलेले. त्यानं सुरी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. मग इकडेतिकडे बघून सगळे शिंपले उचलले आणि परत टाकीत सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता येऊन उघडले, काचा तयार केल्या. द्वारका अकराला यायची. तिला काच मिळण्याशी मतलब. काच चतुर्थीची की पंचमीची, हे काचेवर लिहिलेलं नसतं.

देवही राजी, सरही राजी. पण टाकीत वाळू होती, आणि शिंपला दिसतो तसा दगड नसतो. तो पाय बाहेर काढतो, वाळूत शिरतो, शेजाऱ्याला घासतो. सकाळी दोन शिंपल्यांवरचे नंबर पुसलेले निघाले. रंगनाथनं उरलेले अठरा लावून पाहिले. राहिले सात आणि सोळा. दोघांकडे थोडा वेळ बघितलं, आणि एकाला सात केलं, दुसऱ्याला सोळा. दोनच तर होते! पुढच्या महिन्यात चार पुसले. मग त्यानं ट्रेमध्ये पाणी घालून त्यांना ओळीनं मांडून बघितलं. सकाळी ओळ मोडून सगळे एका कोपऱ्यात गोळा झालेले. पावसाळ्यात तर अंगावर नुसता बुळबुळीत थर धरायचा आणि विसातल्या बारांवर पेन्सिलीचा मागमूस राहत नसे. रंगनाथ अंदाजानं नंबर घालायचा. वीस शिंपले, वीस नंबर, वीस काचा. मोजणी बरोबर भरत होती. हे सगळं कशासाठी चाललंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची पद्धत त्या खोलीत नव्हती.

जवळजवळ दोन वर्षं अशी गेली. त्या दोन वर्षांत प्रयोगशाळाही अर्धी झाली. जीवशास्त्राला पोरं मिळेनात, सगळी संगणकाकडे धावत सुटलेली. मधे प्लायवूडची भिंत आली. पलीकडे गालिचा, गार हवेचं यंत्र, दाराशी चपला काढायची सक्ती. दसऱ्याला संगणकांना हार. अलीकडे फॉर्मेलिनचा वास, शिंपले आणि द्वारका. पलीकडचं यंत्र चालू झालं की अलीकडच्या टाकीची मोटर मंदावायची. रंगनाथ तेव्हा पुठ्ठ्यानं पाणी ढवळत उभा राहायचा, कारण शिंपले मेले तर पोरीचा महिना फुकट जाईल, हे त्याला कळत होतं. माणसाचं असंच असतं. मुळावर घाव घालायचा आणि शेंड्याला पाणी शिंपडायचं.

एकोणिसाव्या महिन्यात एकदा द्वारका खुशीत होती. तिनं वही उघडून त्याला स्टुलावर बसवलंच.

"काका, हे बघा. हा सात नंबर. याचा स्राव एवढा. आता तुमच्या काचेवरून कळणार की सात नंबर नर आहे की मादी. हे दोन्ही एकमेकांसमोर बसलं की झाला माझा प्रबंध. तुमचा नंबर आणि माझं वजन, बास."

रंगनाथ स्टुलावरून उठला, म्हणाला, "टाकीचं पानी बघतो," आणि टाकीपाशी जाऊन नुसता उभा राहिला. सांगायचं होतं ते त्याच दिवशी. पण नवसाच्या दोन संकष्ट्या उरल्या होत्या, आणि तेजसच्या मुलाखती तोंडावर आलेल्या. एकवीस होऊ देत, मग सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. मग सांगू म्हणून ठेवलेली गोष्ट नासतेच.

एकविसावी झाली आणि तेजसला नोकरी लागली. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक तारखा चुकवणार म्हणे, म्हणून कंपन्या पोरं भरत सुटल्या होत्या. बापानं घातलेले चुकीचे नंबर काचांवर तसेच, आणि लेक साहेबांच्या देशातले नंबर दुरुस्त करायला निघाला. रंगनाथनं विभागात पेढे वाटले. द्वारकेनं वाकून नमस्कार केला. "काका, आता माझी पाळी," ती म्हणाली. तो पेढा तिनं अर्धा खाऊन अर्धा कागदात बांधून खोलीवरच्या मैत्रिणीला नेला.

त्याच आठवड्यात तिनं आकडे जुळवले. ऋतूंचा फरक झकास आला होता: उन्हाळ्याच्या तोंडाशी स्राव भरपूर, पाऊस ओसरल्यावर कमी. पण नर आणि मादी? काहीच फरक नाही. सगळी भेळ. सरांनी दोन वर्षांपूर्वीच, अनुदानाच्या अर्जात, माद्यांचा स्राव जास्त असतो असं लिहून ठेवलेलं.

रंगनाथ चहा घेऊन सरांच्या खोलीपाशी आला तेव्हा दार किलकिलं होतं.

"अहो द्वारकाबाई, फरक नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? माद्यांनी पत्र पाठवलं का रत्नागिरीहून?"

"सर, आकडे तसे आहेत."

"आकडे पुन्हा एकदा बघा. नीट बघितलं की दिसतात. थोडे इकडचे तिकडे झाले असतील. महिन्याला चार-पाच जागा बघितल्यात, तर काम होऊन जाईल."

"म्हणजे बदलायचे?"

"मी तसं म्हटलं नाही. मी बघा म्हटलं."

"नाही सर," द्वारका म्हणाली. "जे आहे ते लिहीन. फरक नसला तर नाही म्हणून लिहीन. आणि इकडचे तिकडे व्हायला काचा रंगनाथकाकांच्या आहेत. त्यांच्या हातून नंबर चुकत नाही."

सरांना दारातला रंगनाथ दिसला. "या, साक्षीदार आलेच. काय रे रंगनाथ? नंबर चुकले का कधी?"

चहाचा ट्रे हातात. द्वारका वळून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हतीच. शंका असती तर कदाचित त्याच्या तोंडून खरं निघालं असतं. हो म्हणावं तर चोवीस वर्षांचं नाव गेलं, वर सरांची चौकशी, कदाचित नोकरीवर बालंट. नवस नुकताच फळलेला.

"न्हाई सर," रंगनाथ म्हणाला. "न्हाई चुकत."

त्यानं कप खाली ठेवले. एक थेंबही बशीत सांडला नाही.

पुढचं कुणीही सांगेल. सरांनी प्रबंधावर सही केली नाही. आज या, उद्या या, असं वर्ष गेलं. जूनमध्ये द्वारकेचे तास दुसऱ्या कुणाला दिले गेले. शेवटच्या दिवशी तिनं टाकी स्वतः धुतली, वह्या पिशवीत भरल्या आणि रंगनाथला म्हणाली, "काका, एक गोष्ट बरी झाली. खोटं लिहावं लागलं नाही." येरवड्याच्या बाजूला एका कंपनीत तिला काम मिळालं. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं कानात घालून रोग्यांची माहिती टाइप करायची. भाऊ लातूरलाच राहिला.

आठ वर्षं गेली. श्रीनिवास सर प्राचार्य झाले. रंगनाथ निवृत्तीला आला तेव्हा विभागात उत्कर्षा नावाची नवी मुलगी तोच विषय पुढे नेत होती. ती हुशार, आणि कुणावर न विसंबणारी. वजन झालं की त्याच टेबलावर, तिथल्या तिथं, स्वतः शिंपला उघडायची. तिचा तक्ता भिंतीवर लागला. उन्हाळ्याच्या तोंडाशी, अंडी भरलेली असताना, माद्यांचा खांब नरांच्या दीडपट उंच. पावसाळ्यानंतर दोघंही सारखे. लहान पोरालाही दिसेल असा फरक.

"आधीच्या एका मॅडमना दिसला नव्हता म्हणे," उत्कर्षा तक्त्याला टाचणी टोचत म्हणाली. "काहीतरी घोळ केला असणार त्यांनी."

रंगनाथला त्या दिवशी डबा गेला नाही. सर मनातून आकडे घालायला निघाले होते आणि त्यांचंच खरं निघालं. पोर खऱ्याला चिकटून बसली आणि तिचंच खोटं ठरलं. आणि मधे कोण, तर आपण, हातात सुरी आणि मनात गणपती घेऊन. मरायच्या आधी हे तिच्या पायाशी ठेवायचं, असं त्यानं ठरवलं.

द्वारका कर्वेनगरातच राहत होती. लग्न झालेलं, एक मुलगी. ती सोसायटी उभी होती तिथं रंगनाथच्या चुलत्याचं वांग्याचं रान होतं, आणि लहानपणी त्यानं तिथं मोटेचं पाणी धरलं होतं. रविवारी दुपारी त्यानं वहीत नाव लिहून वॉचमनला दाखवलं आणि जिना चढला.

"काका!" द्वारकेनं दार उघडलं आणि तिचा चेहराच उजळला. केस थोडे पिकलेले, डोळ्यांवर चष्मा. तिनं चहा ठेवला, तेजसची चौकशी केली, निवृत्तीबद्दल विचारलं. मुलगी निशा खाली खेळायला गेली होती. "तिला तुम्ही माहीत आहात," ती हसून म्हणाली. "शाळेत कधी खोटं बोलली ना, की मी तुमची गोष्ट सांगते. आईला डॉक्टर व्हायचं होतं, एक खोटा आकडा लिहिला असता तर झालीही असती. पण आईनं लिहिला नाही. कारण एक काका होते, त्यांच्या हातून नंबर चुकत नव्हता."

रंगनाथ तेव्हाच उठून गेला असता तर बरं झालं असतं. पण ओझं घेऊन जिना चढलेला माणूस ते घेऊन परत उतरत नाही.

"ताई, नंबर चुकलं व्हतं," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. नवस, टाकी, पंचमीची सकाळ, भिंतीवरचा नवा तक्ता आणि त्यातला माद्यांचा उंच खांब. कप द्वारकेच्या हातात तसाच होता. त्याचं संपल्यावर तिनं विचारलं ते प्रयोगशाळेतल्यासारखंच, एकेक करून.

"किती पुसायचे?"

"पयल्यांदा दोन-चार. पावसाळ्यात बारासुदिक."

"आणि तुम्ही नंबर कसे घालायचात?"

"आदमासानं."

"एकवीसही महिने?"

"एकवीसही."

पंखा फिरत होता. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे सर बरोबर होते," ती म्हणाली.

"सर खोटं लिवा म्हनत व्हते, ताई. तुमी खरं—"

"मी काय खरं केलं, काका? तुमचा आदमास सांभाळला मी. त्याच्यापायी पीएचडी घालवली." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर रंगनाथला सोसलं असतं. "आज का सांगितलंत?"

"मनाला लागून राहिलं व्हतं. आठ वर्सं."

"तुमच्या मनाला." तिनं मान हलवली. "आता सुटलं असेल. आठ वर्षं त्या कंपनीत रोज कानात यंत्र घालून बसताना माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती. माझं सगळं गेलं, पण मी खरी होते. तेवढं तरी राहू द्यायचं होतं की हो, काका. त्या दिवशी दारात बोलायचं होतं, नाही तर मग कधीच बोलायचं नव्हतं."

वाकून तिच्या पायाला हात लावावा असं रंगनाथला वाटलं, पण वयानं मोठा, आणि तिनं पाय मागे घेतले असते तर? तो उठला. चपला दाराशी होत्या.

तेवढ्यात जिन्यावर धावत्या पायांचा आवाज झाला आणि निशा आत घुसली. सातेक वर्षांची, घामेजलेली, गुडघा खरचटलेला. पाहुणा बघून थबकली.

"आई, हे कोण?"

"रंगनाथकाका," द्वारका म्हणाली.

पोरीचे डोळे मोठे झाले. "तेच? ज्यांच्या हातून नंबर चुकत नाही ते?"

द्वारकेनं रंगनाथकडे बघितलं नाही. तिनं टेबलावरचा चष्मा उचलला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला.

"हो," ती म्हणाली. "तेच. नमस्कार कर त्यांना."

निशा पुढे आली आणि वाकली. एका पायात चप्पल घातलेला रंगनाथ दारात तसाच उभा राहिला. पोरीच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पण तो काही त्याला खाली नेता आला नाही.